तिचा जीव घाबरला तो सिनेमा

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची गोष्ट म्हणजे भैंशाच्या टॉकीजमध्ये एक भिकार सिनेमा पाहिला. दुसरं काहीही केलं असतं तरी चाललं असतं. भांडलो असतो तरी चाललं असतं. पावणेचार तास लाकडी खुर्चीत बसून राजे, हत्ती आणि धूळ पाहिली, आणि तिथे तिला ओढून नेलं मीच.

बायकोला मी बुढी म्हणायचो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणायचो, तेव्हा तिचा एक केस पांढरा नव्हता. तीही कमी नव्हती. "मी बुढी तं तुमी कोन? नवरदेव?" म्हणायची. भैंशापासून दोन कोसांवर आमचा भाजीचा मळा. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. तेलुगू मात्र तिला माझ्यापेक्षा चांगली यायची, कारण भैंशाच्या बाजारात तेलुगू चालते आणि तिथे भाजी विकायला तीच बसायची.

सिनेमा पाहण्यापेक्षा सांगण्याची तिला गोडी. निंदणाला चार-पाच बाया असायच्या, त्यांच्यात बसून ही खुरपं चालवत सांगायची. प्रत्येक बाई आपल्यापुढचा पट्टा धरून या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत निंदत जाते, त्याला आमच्याकडे पात म्हणतात. बुढी सिनेमा तासांवर नाही, पातीवर मोजायची. "हा दीड पातीचा हाये." "हा दोन पातीचा, पन शेवटी रडनं हाये." धुरा यायचा आणि तिकडे लग्न लागायचं, नाहीतर खलनायक मरायचा. मागे राहिलं तर ऐकू येत नाही म्हणून बाया भराभर हात चालवायच्या. निंदण लवकर उरकायचं. मला इतकी वर्षं वाटत होतं, माझा दरारा आहे.

तिचा एकच कायदा होता. "मानूस काऊन आला अन् काऊन गेला, हे समजलं पायजे. बाकी नाच-गानं सारं तोंडी लावाले." सिनेमात ते काऊन, म्हणजे कारण, नसलं तर ती पदरचं घालायची. एकदा एक दरोडेखोर मधेच सुधारला. हिने बायांना सांगितलं, त्याची मेलेली माय त्याच्या सपनात आली म्हणून. मी म्हटलं, "असं कुठं होतं वं सिनेमात?" म्हणाली, "नोतंच. म्हनून तं घातलं. बाया इचारतीन ना, काऊन सुधरला!"

आणि एखाद्या सिनेमात गोष्टच नसली, की तिला झोप येत नसे, कंटाळाही येत नसे. ती म्हणायची, "जीव घाबरते वो अशा सिनेमात. कोंडल्यावानी होते." हे मी तिच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं असेल. दरवेळी हसलो.

त्या सिनेमाचा तेव्हा फार गाजावाजा होता. पार उटनूरकडून लोक जीपा भरभरून येत होते. मी म्हटलं, चाल. ती पोस्टरसमोर उभी राहून म्हणाली, "इतके लोक हायेत याच्यावर. गोष्ट कोनाची हाये?" मी म्हटलं, "आत गेल्यावर कळन."

आत गेल्यावर एक राजा निघाला, त्याचे तीन पोरगे निघाले, एक शाप निघाला. मग एका बाईला तिच्या तान्ह्या लेकरासकट नावेत बसवून नदीत ढकलून दिलं. बुढी ताठ बसली. "ही. हिची गोष्ट हाये," म्हणाली. नाव गेली ती गेलीच. दुसरा राजा आला, त्याचा भाऊ आला, एक साधू आला आणि बोलतच राहिला. लढाई लागली तर कोणते हत्ती कोणाचे, तेही कळेना. बुढी दर थोड्या वेळानं विचारायची, "अन् नावेतली बाई?"

इंटरवलला दिवे लागले तेव्हा ती म्हणाली, "अवो, माया जीव घाबरून राह्यला. चला."

मी म्हटलं, "बस. येवढं दाखवलं तं आता जमन. येईन तुई नावेतली बाई."

"आता नाई येत ते. सांगनारा इसरला तिले. चला ना, भायेर हवेत बसू, भजे खाऊ."

"मले अर्ध्यातून उठाची सवय नाई."

ती बसली. मग काही विचारलं नाही. खुर्चीचा दांडा धरून होती, एवढं मला दिसलं. मी पडद्याकडे पाहत होतो.

परतताना गाडीत ती खिडकीशी बसली आणि बोलली. "उद्या बायाले काय सांगू? येवढा मोठा सिनेमा, अन् एक पातबी नाई होत याची." घरी आलो तेव्हा उजेड होता. दारात बसली, पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला तर ती भिंतीला टेकली होती. आतून बाहेर यायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात गेली.

डॉक्टरनं हृदयाचं काही सांगितलं. ते घेऊन मी काय करू? मला एवढंच कळायला पाहिजे की इंटरवलला ती कोणत्या जीवाचं बोलत होती. सिनेमाचं म्हणत होती की खरंच? गाडीत बोलली म्हणजे सिनेमाचंच असेल, असं मी माझं मला सांगतो. मग तो दांडा आठवतो. सिनेमा वाईट आहे म्हणून कोणी दांडा धरून बसत नाही. आठ वर्षं झाली, मी याच्या पलीकडे गेलेलो नाही. तिनं पदरचं काहीतरी घालून हे जुळवून दिलं असतं. मला तसं घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून पोरगी आणि जावई आले. निंदणाच्या बाया आल्या. बुढीला हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं, पोरगी तिचे केस विंचरत होती. एक बाई रडत म्हणाली, "नशीबवान वो काकू. कुंकवानं गेल्या. अन् जाता जाता काकानं सिनेमाबी दाखवला."

मी म्हटलं, "तिले नोता पाहाचा. ती चला म्हने. म्या बसवलं."

पोरीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फणी फिरवायला लागली.

मी अंगणात गेलो. तिच्या आंघोळीचं पाणी तीन दगडांवर ठेवलं होतं. तिथे बसलेल्या माणसाला उठवलं आणि स्वतः जाळ घालत बसलो. जावई दोनदा येऊन म्हणाले, "मामाजी, पानी उकळलं." मी आणखी एक लाकूड आत सारलं.