लूमच्या गल्लीतून शाळेपर्यंत

आमच्या घरून शाळेला जायचं तर पावरलूमची गल्ली ओलांडावी लागते. बऱ्हाणपुरात वाढलेल्या माणसाला ती खटखट ऐकूसुद्धा येत नाही. माझ्या लेकीला मात्र ती सोसायची नाही. आठ वर्षांची पोर कान दाबून भर रस्त्यात बसायची. शाळेत नाव घातलेलं, पण पोर पोचतच नव्हती. लोक म्हणायचे, "लाडावून ठेवलीय." अशांच्या तोंडी लागू नये म्हणतात, मी लागायचे.

तिला ऑटिझम आहे. इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी थेरपीच्या जोडीला अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल लिहून दिल्या. म्हणाल्या, "हा नुसता टेकू. कुणाला लागू पडतो, कुणाला नाही. तीन महिने देऊन बघू." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, टेकू कसला, हेच रामबाण! मी सकाळीच ऑफिसला निघायचे. त्यामुळं कॅप्सूल फोडून केळ्यातून द्यायची आणि पोरीला शाळेच्या वाटेला लावायचं, दोन्ही कामं सासूबाईंकडं.

अडीच महिन्यांनी एकदा मला सुट्टी होती, म्हणून दोघींच्या मागं गेले. गल्ली आली. पोरीनं कान झाकले आणि लूमच्या तालावर "खटक खटक" म्हणत अशी तरातरा निघाली, की सासूबाईंना गाठवेना. थेट शाळेच्या फाटकात! माय वं, मी रस्त्यातच रडले.

संध्याकाळी शेजारीपाजारी मावा जिलेबी वाटली. औषधाचे गोडवे गायले. नेपानगरहून मामेसासऱ्यांचा फोन आला, त्यांच्या नातवासाठी औषधाचं नाव हवं होतं. मी कपाटातून बाटली काढली. जवळजवळ भरलेली.

"आई, हे काय?"

"अगं, त्या चवीनं चार दिवसांत तिनं केळंच सोडलं, सकाळी तेवढंच तर खाते. म्हणून कॅप्सूल बंद केल्या. उपाशी कशी ठेवू? तू भडकशील म्हणून बोलले नाही."

मी भडकलेच. "आणि डॉक्टरीणबाईंना काय सांगू आता? मग गल्ली कशी ओलांडली तिनं?"

"तिची तीच. रोज एका कारखान्यापर्यंत जायची, घाबरून मागं यायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्यापर्यंत. मी नुसती उभी राहायचे."

फोनवर मामा विचारत होते, "सूनबाई, नाव सांगताय ना?"

"औषधाचं डॉक्टरांना विचारा, मामा," मी म्हटलं. आवाज चढलाच. "आमची पोर औषधानं नाही गेली. रोज भ्यायली, आणि रोज गेली."