आईचा गुडघा आणि दादाचे फुगे

आमचा दादा औषधांच्या प्रयोगशाळेत जेल बनवतो. त्याला मलम म्हटलेलं चालत नाही. नातेवाईक अर्थातच मलम म्हणतात आणि दादा दर वेळी नव्याने दुखावतो.

त्याचं म्हणणं साधं आहे. सुजेवरची गोळी घ्यायची गुडघ्यासाठी आणि भोगायचं पोटाने, हा कुठला न्याय? म्हणून तेच औषध डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीच्या फुग्यांत भरायचं आणि ते फुगे जेलमध्ये कालवायचे. चोळलं की कातडीतून शिरून थेट सुजेवर जातात, पोटाला पत्ताही लागत नाही. हे तो समोरच्याचा चहा गार होईपर्यंत समजावतो.

आईच्या पोटात गोळ्यांनी आधीच व्रण केला होता. आता गोळी घेतलीत तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढ्यात जेल बाजारात आलं आणि दादाला हक्काचा गुडघा मिळाला.

दर रविवारी साहेब कोनमापक घेऊन हजर. आईचा पाय वाकवायचा, कोन मोजायचा, स्वतःवरच खूश व्हायचं. गुडघा खरंच वाकायला लागला. काकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना बातमी गेली. दुखतंय का, हे मात्र त्याने आईला कधी विचारलं नाही. हातात कोन असताना माणसाला कशाला विचारायचं?

मग एका रविवारी सकाळी आईला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात न्यायला तिचे कपडे भरताना मला उशीच्या अभ्र्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. त्याच गोळ्या, डॉक्टरांनी बंद केलेल्या.

जरा सावरल्यावर दवाखान्यातल्या कॉटवर पडल्या पडल्या आई म्हणाली, "रोज नाही गं घेत. तो यायच्या आधी तेवढी. नाहीतर गुडघा वाकतोय कुठला? एवढी वर्षं खपलाय बिचारा, हिरमुसला असता."

मला दोघांचाही संताप आला. असली माया काय चाटायची आहे?

दादा पायाशी उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. त्याला पाहताच आईने सवयीने चादरीतून पाय बाहेर काढला. "घे, मोज."

कोनमापक त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. त्याला हातही न लावता तो स्टुलावर बसला. "दुखतंय का गं?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं.

"खूप," ती म्हणाली. "पहिल्यापासून."