कुठून आलात, विचारायचं नाही

आमच्या मावशीचे यजमान हे परभणी जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी दारी आलेल्या पाहुण्याला "कुन्या रस्त्यानं आलात?" असं उभ्या जन्मात विचारलं नाही. आमच्या गावाला पिंगळीवरूनही येता येतं आणि ताडकळसवरूनही, त्यामुळे पाण्याचा तांब्या देण्याआधी हा प्रश्न टाकायची इथली रीतच आहे. मावसा मात्र कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. पाहुणा चपला काढतोय तोवर यांचं सुरू: "एकेक करून इलेक्ट्रॉन दोन फटींकडं सोडले, तरी पडद्यावर पट्टे उमटतेत. का? तर दोनी वाटांच्या शक्यता एकमेकींत मिसळतेत. कुठं जोर धरतेत, कुठं एकमेकींना पुसून टाकतेत. हेच क्वांटम इंटरफरन्स, आपलं पुंज व्यतिकरण. पण कुन्या फटीतून गेला हे टिपायला गेलात, की पट्टे गायब!" पाहुणा बिचारा चहाची वाट बघत मान हलवी.

एकदा मावसांची शेळी शेजारच्या नानांच्या हरभऱ्यात शिरली. नाना तणतणत आले. "कुंपनाला दोन खिंडारं हायत. कुन्यातून शिरली तेवढं सांगा."

मावसांचे डोळे चमकले. "दोनीतून म्हनलं तर?"

"एकच शेळी?"

मावसा पडले प्रामाणिक. "न्हाई नाना, शेळी लय मोठी पडती. तिला न्हाई जमत हे," असं खेदानं कबूल करून त्यांनी दोन्ही खिंडारं स्वतःच्या हातानं बुजवली.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी, आमची सुमन, सासरहून बॅग घेऊन भरदुपारी एकटीच दारात उभी राहिली. "मी परत जानार न्हाई," एवढंच बोलली आणि आत गेली. घटकाभरात गल्ली गोळा झाली. "धाडलं का निघून आली?" मावसा ओट्यावर खुर्ची टाकून दार अडवून बसले. "बसा बाई. समजा, दोन फटी हायत..." दुसऱ्या फटीपर्यंत पोचायच्या आत बाईंना चुलीवरचं दूध आठवायचं. संध्याकाळपर्यंत ओटा रिकामा झाला. सुमनला कुणीही काही विचारलं नाही. ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली. मला त्या दिवशी मावसांचा फार अभिमान वाटला.

दिवेलागणीला खुर्ची आत नेता नेता ते थबकले आणि हळूच मला म्हणाले, "पिंगळीवरून आली असंल का रं? तिकडच्या एष्टीत जागा मिळत न्हाई. सगळी वाट उभ्यानं यावं लागतं."

"उठल्यावर विचारू का?"

"नको," म्हणाले, आणि खुर्ची दारातच ठेवून पुन्हा बसले.