मधूची हयगय

कोर्टासमोरच्या टपरीवर एक बाई बशीत चहा ओतते, फुंकर घालते, आधी आपल्या ओठाला लावून बघते आणि मगच पोराला पाजते. मी बाकावरून बघतोय. याला कायद्यात कुठला शब्द आहे, कोण जाणे. माझी शाळा चौथीपर्यंतची. घरात आम्हाला 'जपून' एवढा एक शब्द पुरला. माझा मुलगा मधू ठेकेदाराकडे विजेच्या तारा जोडायचा. लाइन बंद केली का, हे फोनवर विचारल्याशिवाय खांबाला हात लावत नसे. त्या दिवशीही विचारलं. ठेकेदाराची माणसं 'बंद आहे' म्हणाली. तो चढला आणि तारेलाच चिकटून गेला.

आत शब्द पुष्कळ आहेत. खबरदारी, दक्षता, हयगय. हयगय मधूची का ठेकेदाराची, यावर खल चाललाय. 

आमचे वकील बाहेर येऊन शेजारी टेकले. "आप्पा, दोघांचीही हयगय झाली, असं लिहून देऊ. भरपाईचा दावा आजच मिटेल."

"मधूची किती?"

"अहो, थोडीशी. कागदापुरती."

"कागदावरपण नको."

"हट्ट सोडा. म्हातारपणी किती खेटे घालणार?"

"पुढची तारीख घ्या," मी म्हणालो.