आत्याचा एडिटर

रत्नागिरीत त्या काळात जेवढे म्हणून इंग्रजी अर्ज सुबक टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पोचले, त्यांतले निम्मे तरी माझ्या आत्याच्या धाकामुळे सुबक झालेले होते, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. खालच्या आळीत तिचा टायपिंगचा क्लास होता. वरच्या मजल्यावर ती राहायची, आणि कचेरीतल्या नोकरीपायी खेडजवळचं घर सोडून आलेला मीही तिच्याकडेच असायचो. आत्याने लग्न केलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "स्थळ बरं होतं, पण पत्रात खाडाखोड फार होती." खाडाखोडीचा तिला मनापासून तिटकारा. नात्यातल्या एका लग्नाची इंग्रजी पत्रिका आली, तिच्यात 'कॉर्डियली'चं स्पेलिंग चुकलेलं. आत्या लग्नाला गेली, आहेर केला, जिलब्या खाल्ल्या आणि निघताना लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेली पत्रिका वरपित्याच्या हातात ठेवून आली. वर बसून ताक घुसळता घुसळता खाली कुठल्या मुलीची करंगळी आळस करतेय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. "ए मंदे, तुझा ए ऐकू येत नाही गो!" अशी हाक जिन्यावरून आली की खालचे सगळेच 'ए' दणकून वाजू लागत.

अशा या क्लासातली सर्वांत गुणी मुलगी म्हणजे खाडीपलीकडच्या भाट्याची शुभांगी. वडील ट्रॉलरवर खलाशी, घरात पाठची भावंडं, आणि परीक्षेत मात्र टायपिंगची एक चूक नाही. मिरकरवाड्याला मासे गोठवून परदेशी पाठवणारी एक कंपनी निघाली होती. तिथे टायपिस्ट हवी म्हणून शुभांगी गेली आणि डोळे पुसत परत आली.

"काय गो, काय झालं?"

"बाई, ते म्हणाले, टायपिंग राहू दे, कॉम्प्युटर येतो का ते सांग."

आत्याने चपला घातल्या, मला बरोबर घेतलं आणि थेट कंपनी गाठली. मॅनेजर सज्जन माणूस होता. चहा मागवून म्हणाला, "बाई, दिवाळीनंतर आमच्याकडे कॉम्प्युटर येतोय. टाइपरायटरचे दिवस गेले आता."

"गेले कुठे? माझ्याकडे रोज सकाळी सातला येतात की!"

तो हसला. "मुलीला त्याच्यावर टाइप करता येत असेल तर दिवाळीनंतर पाठवा. तोवर जागा ठेवतो."

"शिकवून पाठवते," आत्या म्हणाली. बाहेर आल्यावर बर्फाच्या गाड्या चुकवत आम्ही रस्त्याला लागलो, तेव्हा तिने हळूच मला विचारलं, "हा कॉम्प्युटर म्हणजे साधारण केवढा असतो रे?"

नशिबाने राजिवड्याचा हमीद तेव्हा रजेवर आला होता. हमीद जहाजावर रेडिओ ऑफिसर. कानाला यंत्र लावून संदेश ऐकता ऐकता टाइप करायची विद्या तो आत्याकडेच शिकलेला, त्यामुळे घरीदारी साहेब झाला तरी क्लासात आला की नखं कापलेली आहेत ना, हे आधी बघायचा. त्याने बाहेरदेशाहून एक कॉम्प्युटर आणला होता. बाईंना हवा म्हटल्यावर तो रिक्षात मांडीवर घेऊन आला. आळीतली पोरंसोरं दारात जमली. आत्याने कळा दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "फारच हलक्या. मुली माजतील."

मग हमीदने फ्लॉप्यांचा डबा उघडला आणि त्याचं तोंड उतरलं. आपल्याकडच्या पावसाळ्याने जिथे पेटीतली जरीची साडी सोडली नाही, तिथे फ्लॉपी काय सोडतो! नेमकी हवी होती त्याच फ्लॉपीला पांढरी बुरशी धरली होती.

"बाई, लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, हे ज्याच्यात करतात त्या प्रोग्रामाला एडिटर म्हणतात. तोच गेला."

"मग दुसरा आण."

"इथे कुठला मिळायला?" असं म्हणत त्याने डब्याचं झाकण लावलं, आणि एकदम म्हणाला, "पण माझ्या जहाजावरच्या दोस्ताने तो लिहिला होता. त्याचा मूळ मजकूर कागदावर छापलेला आहे माझ्या ट्रंकेत. तो जसाच्या तसा यंत्रात टाइप केला, तर कंपायलर म्हणून दुसरा प्रोग्राम आहे माझ्याकडे, तो त्याचा एडिटर करून देईल. म्हणजे असं बघा बाई, तांदूळ आहेत, नुसता भात व्हायचाय."

त्याने आणलेली कागदांची चवड बघून माझा जीव दडपला. आत्याने मात्र ती हातात तोलून "एवढंच ना?" म्हटलं आणि खुर्ची पुढे ओढली.

टाइप करायला यंत्राबरोबर आलेली एक साधी सोय तेवढी होती. तिच्यात एका वेळी एकच ओळ लिहायची, आणि मागची चुकली तर तिला नंबराने हाक मारून बोलवायची. "म्हणजे एडिटर टाइप करायला आधी एडिटर हवा!" आत्या म्हणाली. "शाबास रे तुमचं शास्त्र!" पण रोज दुपारी, मुलींच्या दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात, ती नेमाने बसू लागली. मजकुरातलं अक्षर कळत नव्हतं, तरी "कंस मिटला, महिरप उघडली" असं पुटपुटत तिची बोटं चालत. एकदा वीज गेली आणि सबंध दुपारचं काम पडद्यावरून नाहीसं झालं. मीच ओरडलो. आत्या पदराने वारा घेत म्हणाली, "दुसऱ्यांदा टाइप केलेला कागद पहिल्यापेक्षा नेहमी चांगला होतो." त्यानंतर मात्र पान संपलं की ते फ्लॉपीवर उतरवल्याशिवाय ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

अखेर सगळं टाइप झालं. हमीदने कंपायलर सुरू केला आणि पडद्यावर चुकांची रांग लागली. ती संपेचना.

"चुका?" आत्या उठून उभी राहिली. "माझ्या टायपिंगमध्ये?"

हमीदने कागद आणि पडदा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, हा एक नाय. हा छोटा एल आहे."

"एल म्हणजेच एक!"

यात आत्याची चूक नव्हती. क्लासातल्या जुन्या टाइपरायटरांना एकच्या आकड्याची कळच नव्हती. सगळे टायपिस्ट एकच्या जागी छोटा एल मारत. ती उभ्या जन्माची सवय तिने ओळीओळीने उपटून काढली. त्यानंतर मात्र एकच तक्रार उरली: 'क्रिएट' नावाचं मला काही सापडत नाही, असं यंत्र म्हणत होतं. हमीदने मूळ कागद पाहिला. त्याला हसू आलं, आणि ते दाबताना ठसका लागला.

"बाई, हा शब्द तुम्ही बदललात?"

"दुरुस्त केला. सगळीकडे शेवटचा ई राहून गेला होता."

"तो राहून गेलेला नाय. ही भाषा ज्यांनी केली त्यांनीच तो गाळलाय. यंत्राला तसाच लागतो."

"का?"

"ते काय मला माहीत नाय."

"मग त्यांना कळव. माझ्या क्लासात चुकीचं स्पेलिंग टाइप होणार नाही."

आणि काम थांबलं. दारोदार आकाशकंदील लागले, पोरं किल्ल्यांना माती आणू लागली, आणि इकडे एका ईपायी कॉम्प्युटर झाकून ठेवलेला. हमीदची रजा संपत आली. मी म्हटलं, "आत्या, एकच तर अक्षर आहे!" तर म्हणाली, "आज मी एक सोडला, उद्या मुली दहा सोडतील." पण तिला जेवण जात नव्हतं, हे मी पाहत होतो. शुभांगी रोज यायची आणि झाकलेल्या यंत्राकडे बघून जुन्या टाइपरायटरवर बसायची. एक दिवस ती उठून आत्यासमोर उभी राहिली.

"बाई, तेवढं मी करते. तुम्ही नका हात लावू. चूक माझ्या नावावर जाऊ दे."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "तुझ्या नावावर?" ती म्हणाली. "आजवर एक चूक नाही तुझी." एवढं बोलून ती वर गेली. जाताना कागदांची चवड घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हमीदला बोलावणं गेलं. आत्याने पहिल्या पानावर बोट ठेवलं. "इथे सुरुवातीला पुन्हा पुन्हा डिफाइन, डिफाइन असं आलंय. त्याचा अर्थ सांग."

"एका नावाला दुसरं नाव, बाई. वर एकदा सांगून ठेवलं की खाली जिथे जिथे हे येईल, तिथे यंत्र ते समजतं."

"मग वर एक ओळ घाल. खाली बरोबर शब्द येईल, तिथे तू तुझा तो बिनशेपटीचा समज, म्हणावं. चूक करायचीच तर एकदाच करू, आणि सगळ्यांना दिसेल अशी, माथ्यावर."

हमीदने कपाळावर हात मारला. ती ओळ आत्यानेच टाइप केली, ओठ घट्ट मिटून. कंपायलर चालला. या वेळी तो काही बोलला नाही. पडदा स्वच्छ झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकू लागली. खुर्चीवर आत्याने शुभांगीला बसवलं. तिने एक अर्ज टाइप केला, मग वरच्या ओळीत मध्येच एक शब्द घातला, तर पुढचे सगळे शब्द आपोआप बाजूला झाले. "अरे, सरकून जागा देतो!" आत्या म्हणाली. "एस्टीत माणसंसुद्धा देत नाहीत." हमीदने तो एडिटर कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून दिला, यंत्रही पुढच्या रजेपर्यंत क्लासातच ठेवलं. आत्याने फ्लॉपी तांदळाच्या डब्यात ठेवली, म्हणजे ओल लागायला नको. दिवाळी झाली आणि शुभांगी मिरकरवाड्याला नोकरीला लागली. मॅनेजरने पुढे आणखी मुली मागितल्या. क्लासाच्या पाटीवर आत्याने 'कॉम्प्युटर' हा शब्द रंगवून घेतला, तोही पेंटरच्या डोक्याशी उभं राहून.

हमीद जहाजावर जाताना एडिटरची एक प्रत घेऊन गेला होता. पुढल्या रजेत येऊन त्याने सांगितलं की जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी ती उतरवून घेतली, त्यांतला एक दुसऱ्या जहाजावर गेला, तिथून कोणी आणखी कुठे नेली. "आता तो कुठकुठे पोचलाय, मला पण नाय माहीत, बाई." आत्या तेव्हा "बरं, चहा घेऊन जा," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. आत्या उभ्या आयुष्यात कोल्हापूरच्या पलीकडे गेली नव्हती. दूर पाण्यावर एका जहाजाचा दिवा दिसत होता.

"कुठे असेल रे आता?" तिने विचारलं.

"कोण? हमीद तर घरी आहे."

"हमीद नव्हे. आपला एडिटर."

मी तोंडाला आलं ते नाव सांगितलं. "न्यूयॉर्कला असेल."

आत्याने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि त्या दिव्याकडे पाहिलं.

"तिकडे आता सकाळ असेल, नाही?" ती म्हणाली. "कामाला लागला असेल."