कानात सांगितलेलं नाम

गुरुवारची आरती झाली की माणसं नलूच्या पाया पडायला येतात, आणि कोणी वाकलं रे वाकलं की नलू पाय साडीच्या आत ओढून घेते. करी रोडच्या त्या चाळीत याचं भारी कौतुक आहे. एवढा अधिकार मिळाला तरी बाई किती नम्र, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! नम्रपणा वगैरे काही नाही, नलूला लाज वाटते. का वाटते ते दोनच माणसांना ठाऊक आहे, एक ती स्वतः आणि दुसरी तिच्याच मजल्यावरची अक्षदा. तिसऱ्या माणसाला, म्हणजे नलूच्या नवऱ्याला, ते कळू नये म्हणून तर सगळं झालं. आणि तो आता भिंतीवरच्या चौथ्या तसबिरीत आहे.

आधीच्या तीन तसबिरींबद्दल थोडं सांगायला हवं. पहिली म्हणजे कणकवलीकडच्या कातळावर बसणाऱ्या एका साधूचं चित्र. त्यांना पाहिलेला कोणी शिल्लक नव्हता, म्हणून लालबागच्या पेंटरने ऐकीव माहितीवर काढलं आणि साधूबाबांना सिनेमातल्या नटासारखे भुरभुरते केस दिले. या बाबांनी मरताना धोंडू नावाच्या एका खलाशाच्या कानात नाम सांगितलं. धोंडूबुवा ते नाम घेऊन मुंबईला गोदीत आले आणि त्यांनी ते मनूबुवांना दिलं; पुढच्या दोन तसबिरी या दोघांच्या. मनूबुवा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. त्यांनी ते त्याच मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर काम करणाऱ्या रघुवीरला दिलं. रघुवीर म्हणजे नलूचा नवरा. तेव्हापासून तो सगळ्यांचा बुवा झाला.

या परंपरेला मठ नाही, गादी नाही, पावतीपुस्तक नाही. नियम मात्र कडक. भजन सगळ्यांना, प्रसाद सगळ्यांना, पण नाम एकाने एकालाच द्यायचं. तोंडाने कानात. कागदावर उतरवायचं नाही, फोनवरून सांगायचं नाही आणि तिसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. तिसऱ्याने ऐकलं की ते नाम राहत नाही, नुसता शब्द होतो, असं मनूबुवा सांगत.

नलू लग्न होऊन या खोलीत आली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक झाला तो गुरुवारचा शिरा. किती रवा, किती तूप, भजनाला माणसं वाढली तर पाणी कधी वाढवायचं, हे तिने शिकून घेतलं. दिवसा ती मिलच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला जायची आणि गुरुवारी घरी येऊन, पदर खोचून, थेट चुलीपाशी. तसबिरी पुसणं, हार घालणं, पेटीवरचं कापड धुणं, रात्री सगळे गेले की खोली सारवल्यासारखी स्वच्छ करणं, हे सगळं तिचंच. भजन तिने आयुष्यभर स्वयंपाकघराच्या पडद्याआडून ऐकलं.

एकदाच तिने मागितलं होतं. मिल बंद पडून घरात खायचे वांधे झाले होते. तेव्हा जिवाला काही आधार हवा म्हणून ती म्हणाली, "अहो, ता नाम माका द्याल?"

बुवा मोठ्याने हसला. "तुका कित्याक व्हया नाम? तुझी चूल ह्याच तुझा नाम!"

तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं आपण बायकोची थोरवीच सांगितली. नलूही त्याच्याबरोबर हसली, आणि मग मोरीत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

आता तिच्या कानांचं. खात्यातल्या बायका यंत्रांच्या आवाजात एकमेकींचे ओठ वाचून गप्पा मारत. कोणाची सासू काय बोलली, कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं ओठांवरून. मिल गेली, पण यंत्रांनी नलूचे कान खाल्ले होते. वय वाढलं तसं ऐकू येणं कमी कमी होत गेलं. घरात मात्र ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बुवाचा आवाज मुळातच भजनाचा. तो मीठ मागायचा तरी खालच्या मजल्याला कळायचं. आणि उरलंसुरलं नलू ओठांवरून वाचायची. ज्या नवऱ्याचा आवाज इतका मोठा, त्याला बायको बहिरी झाल्याचं कळावं तरी कसं? तिनेही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं तिला वाटे.

बुवा लायक माणसाची वाट पाहत राहिला. भजनाला येणाऱ्या शंतनुवर त्याचा डोळा होता. शिकलेला मुलगा, गळा गोड, वाचन दांडगं. पण शंतनु नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडचाच झाला. दर गुरुपौर्णिमेला व्हिडिओ कॉल करून तो "बुवा, तुमचे आशीर्वाद" म्हणायचा, आणि बुवा नलूला म्हणायचा, "येतलो तो. येतलोच." दाराबाहेर चपला काढून शेवटच्या ओळीत बसणारी अक्षदा मात्र नलूला दिसत होती. लोअर परळच्या एका ऑफिसातून दमून आलेली ती मुलगी भजन संपेपर्यंत डोळे मिटून बसे, आणि जाताना नलूला भांडी घासू लागे. नामासाठी ती किती आसुसलेली आहे ते नलूला तिच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. पण बायकांकडे पाहायची बुवाला सवयच नव्हती.

मग बुवाच्या जिभेला फोड आला. त्याने तो अंगावर काढला. ज्या तोंडात नाम त्याच तोंडात जन्मभर तंबाखूची गोळी, याचा राग नलूला तेव्हाही यायचा आणि अजून येतो. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सरळ सांगितलं की जीभ काढावी लागेल, जबड्याचाही भाग जाईल. बोलणं राहणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बुवाने शंतनुला फोन लावायला सांगितला. शंतनु घाबरून गेला, रडलाही. मग म्हणाला, "बुवा, मी डिसेंबरात येतोच आहे ना, तेव्हा निवांत बसू या." बुवाने हो म्हटलं आणि फोन नलूच्या हातात दिला. कातळावरच्या बाबांपासून आलेलं आपल्या तोंडापाशी संपणार, हे त्या वेळी त्याला कळलं असणार. नलूने त्याला जन्मात घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"नलू," तो म्हणाला, "हडे ये. कान दी."

ती उठली. आपल्याला का बोलावतो आहे हे तिला चटकन कळलं. इतक्या वर्षांनी, सगळे पर्याय संपल्यावर का होईना, पण बोलावलं. वॉर्ड माणसांनी भरलेला. एका बाजूला मुलगा बापाला पेज भरवत होता, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांची गर्दी. जन्मभर ओरडून बोलणाऱ्या बुवाने आवाज अगदी खाली आणला, कारण नियम तसा होता. त्याने तिचं डोकं जवळ घेतलं आणि तोंड कानाला लावलं.

नलूला काहीही ऐकू आलं नाही.

कानाला मिशी टोचली. गरम श्वास लागला, औषधाचा आणि त्यात मुरलेल्या तंबाखूचा वास आला. ओठ हलताना कळत होते, पण ते कानापाशी, डोळ्यांना न दिसणारे. तोंड समोर धरून बोलला असता तर तिने नुसत्या ओठांवरून वाचलं असतं. पण परंपरा कानाची होती.

त्याने डोकं मागे घेतलं. डोळे भरलेले होते. आता त्याचा चेहरा समोर होता आणि ओठ नीट दिसत होते. "आयकाक इला मा?"

नाही म्हणावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण नाही म्हटलं तर तो पुन्हा सांगणार, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं तर सगळा वॉर्ड ऐकणार. आणि त्याच्या तोंडावरची भीती नुकतीच उतरली होती. उद्या सकाळी त्याला आत नेणार होते. ती भीती परत त्याच्या तोंडावर आणणं तिच्याने झालं नाही.

"व्हय," ती म्हणाली आणि मान हलवली.

बुवा त्या दिवशी शांत झोपला, असं नर्सने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यानंतर तो दीड वर्ष जगला. नळीतून पेज, गळ्याला रुमाल, आणि इतक्या मोठ्या आवाजाच्या घरात नुसती शांतता. पहिल्याच गुरुवारी माणसांनी विचारलं, बुवा, आता पुढे कोण? बुवाने हात उचलून नलूकडे बोट केलं. माणसं चकित झाली, मग एकामागून एक तिच्या पाया पडली. नलूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जे मागितलं तेव्हा मिळालं नाही, ते आता न मिळताच तिच्या नावावर चढलं होतं. सांगावं म्हणून ती कितीदा त्याच्या खाटेशी जाऊन बसली. तो तिच्याकडे असा काही बघायचा, जन्मभर तिच्याकडे तसं त्याने पाहिलं नव्हतं. बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं. ती उठून पेज गाळायला जायची.

मार्गशीर्षात धोंडूबुवांची पुण्यतिथी आली. बुवाची प्रकृती ढासळली होती. प्रसाद झाल्यावर त्याने खुणेने सगळ्यांना गॅलरीत पाठवलं आणि अक्षदाला तेवढं थांबवलं. दीड वर्ष जखम पुसायला, नळीतून द्यायची फीडची पावडर आणायला तीच धावत होती, तेव्हा कुठे ती त्याच्या नजरेत भरली होती. दार लावून घेतलं. बुवाने नलूकडे पाहिलं, मग अक्षदाकडे, आणि स्वतःच्या कानाला हात लावला. दे.

अक्षदा सकाळपासून उपाशी होती. ती नलूपुढे गुडघे टेकून बसली, हात जोडले, डोळे मिटले. चेहरा फुलून आला होता. नलूला ते बघवेना.

आणि मग बुवाने नियम पाळला. नाम त्याचंच, त्यानेच दिलेलं, तरी या देण्याघेण्यात तो आता तिसरा होता. त्याने सुकलेले दोन्ही हात उचलले आणि तळव्यांनी स्वतःचे कान गच्च झाकले.

नलूने अक्षदाचं डोकं जवळ घेतलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही, म्हणून तिने ओठ कानाला अगदी चिकटवले.

"अक्षू, त्या दिवशी माका कायच आयकाक नाय इला. मी नुसती मान हलवली. माझ्याकडे नाम नाय गो. ह्यांका सांगा नको."

अक्षदाचे खांदे एकदम खाली आले. डोळे मात्र तिने उघडले नाहीत. नलूने तिचं डोकं सोडलं आणि ती स्वतः भिंतीकडे सरकली, आता काय होईल ते होवो म्हणून.

बुवाने कानांवरचे हात काढले. भुवया उंचावून त्याने अक्षदाला विचारलं. शब्द नव्हते, पण तोच प्रश्न होता, वॉर्डातला.

अक्षदाने डोळे उघडले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बुवाला ते आनंदाचं वाटलं. तिने आधी नलूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मान हलवली. ती काहीतरी बोललीही. नलूला ते ऐकू आलं नाही, पण तोंड समोर होतं, उजेड होता, आणि खात्यात शिकलेलं ती विसरली नव्हती.

"नीट ऐकू आलं, बुवा," असं ते ओठ म्हणाले.

बुवाने तिन्ही तसबिरींकडे बघून हात जोडले.