धुतलेलं दुपटं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपडे धुऊन इस्त्री करून देणारं एक दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळे कडककाका म्हणतात. माणूस लोण्यासारखा मऊ. कडक असते ती त्यांची खळ. त्यांच्या हातचा सदरा घालून मी वर्गात उभा राहिलो की मान वळवायची सोय नसे, आणि मागच्या बाकांवरच्या पोरांचं फावत असे. तक्रार केली तर म्हणत, "मास्तर, मान ताठ राहायला नको का?"

कपडा हाती आला की आधी उजेडाकडे धरून डाग शोधायचा, ही त्यांची सवय. एकदा पाहुण्याच्या खांद्यावरचा रुमालसुद्धा त्यांनी बोलता बोलता भिजत घातला होता.

दुकानामागच्या दोन खोल्यांत काका, त्यांचा मुलगा आणि सून राहत. सुनेला मुलगी झाली आणि घरात आनंद मावेना. पण लगेचच सुनेला धाप लागू लागली. बाळंतपणाने हृदय दुबळं झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिला अतिदक्षता विभागात हलवलं. मुलगा तिच्यापाशी राहिला. बाळ घरी आलं, आणि त्याला सांभाळायला काकांची थोरली बहीण, ताई, मुक्कामाला आली.

बाळ कोणालाच दाद देईना. बाटलीतून दोन घोट घ्यायचं, तोंड फिरवायचं आणि रडून गल्ली डोक्यावर घ्यायचं. काका त्याला खांद्यावर टाकून हँगरला टांगलेल्या कपड्यांच्या रांगांतून फेऱ्या मारत राहायचे.

एका सकाळी मुलगा दवाखान्यातून आला. त्याने एक दुपटं वडिलांच्या हातात ठेवलं, "हे बाळासाठी, तिने पाठवलंय," एवढंच म्हणाला आणि आंघोळ उरकून पुन्हा पळाला. काकांनी दुपटं उजेडाकडे धरलं.

संध्याकाळी मुलाने दारातूनच विचारलं, "बाबा, दुपटं दिल्यावर निजली का?"

"कुठली निजते. दुपटं मात्र बघ कसं झालंय. पिवळा डाग होता, पार गेला."

मुलगा डोक्याला हात लावून खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं. आईला बाळ जवळ घेता येत नव्हतं, औषधांमुळे दूधही पाजता येत नव्हतं. म्हणून तिथल्या सिस्टरने ते दुपटं तिच्या छातीशी ठेवायला दिलं होतं. आईचा वास बाळापाशी राहावा, म्हणजे ती घरी येईल तेव्हा परकी वाटायची नाही. सुनेला आजारापेक्षा तीच धास्ती होती, माझी मुलगी मला ओळखेल ना?

"शाबास," ताई भावाला म्हणाली. "आईलाच धुऊन काढलंस."

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान उघडलं नाही. भेटीच्या वेळेला ते सुनेच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले. अंगाला लावलेल्या नळ्यांकडे त्यांना बघवेना, म्हणून चादरीच्या सुरकुत्या सरळ करत राहिले.

"सूनबाई, माझ्या हातून चूक झाली. ते दुपटं मी धुतलं."

तिने डोळे मिटून घेतले. मग हळूच विचारलं, "इस्त्री पण केलीत?"

"केली."

"आणि खळ?"

काकांनी मान खाली घातली. "थोडीशीच."

तिला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला आणि सिस्टरने काकांना बाहेर काढलं. पण त्याआधी गळ्याशी धरलेलं दुसरं दुपटं तिने त्यांच्या हाती दिलं होतं.

ते त्यांनी सदऱ्याच्या आत धरून आणलं आणि बाळाच्या गालाशी ठेवलं. जादू वगैरे काही झाली नाही. पण हळूहळू रडणं निवळलं आणि बाटली रिकामी झाली. मग रोज एक दुपटं येऊ लागलं. काका ते फडताळाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवत. ताईने साबणाला हात लावला की आधी तो कप्पा बघून येत.

"बघा मास्तर," ताई मला म्हणाली. "जन्मभर याने डाग काढले. आता डागांवर पहारा देतोय."

सुनेची तब्येत हळूहळू सावरली. ती घरी आली तेव्हा मी माझे कपडे घ्यायला दुकानात आलो होतो; मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. काकांनी तिचा आवडता निळा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. खळ घातली नाही, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. तिने दवाखान्यातला चुरगळलेला गाऊन बदलला, ड्रेस घातला, खुर्चीत नीट बसली आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

बाळाने अंग आक्रसून टाहो फोडला. तिने थोपटलं, खांद्यावर घेतलं, पुन्हा मांडीवर घेतलं. रडणं थांबेना.

"नाही ओळखत मला," ती म्हणाली आणि बाळ ताईकडे देऊ लागली.

"थांब," काका म्हणाले. "तुझ्या अंगाला माझ्या साबणाचा वास येतोय. तो मघाचा गाऊन घाल."

"बाबा, तो घामट झालाय. औषध सांडलंय त्याच्यावर."

"म्हणूनच घाल."

ती आतल्या खोलीत जाऊन गाऊन घालून आली. बाळ पुन्हा कुशीत आलं. आधी तसंच रडलं. मग मध्येच थबकलं, मळक्या गळपट्टीवर नाक घासलं, एक हुंदका दिला आणि तोंड तिथेच खुपसून गप्प झालं. सुनेने वर पाहिलं नाही. ती जरासुद्धा हलत नव्हती.

थोड्या वेळाने बाळाने तिच्या खांद्यावर दूध काढलं. ताईने भावाकडे पाहिलं. त्यांनी तो डाग पाहिला, निळा ड्रेस उचलला, घडी घालून फडताळात ठेवला आणि पाय न वाजवता दुकानात आले.

"मास्तर, तुमचे कपडे उद्या न्या," ते हळू आवाजात म्हणाले. "आज इस्त्री तापवत नाही."